मतभेदांतून घडणारा ज्ञानकोश



ज्ञानकोश म्हटला म्हणजे त्याला एक प्रमुख संपादक असावयाचाच, असे आपण गृहीत धरून चालतो. अठराव्या शतकातील फ्रेंच ज्ञानकोशामागे दिदेरो उभे होते. बंगाली विश्वकोशामागे नगेंद्रनाथ बसू होते, महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या तेवीस खंडांमागे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर होते आणि मराठी विश्वकोशाची उभारणी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली झाली. नोंद लिहिणाऱ्या दोन विद्वानांत मतभेद उत्पन्न झाला, तर अखेरचा शब्द कोणाचा, याविषयी ह्या कोशांत संदेह नसे.

आज ज्या कोशासंबंधी मी बोलणार आहे, त्याला असा संपादक नाही. विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. आज तो तीनशेहून अधिक भाषांत आहे आणि त्याच्या इंग्रजी आवृत्तीतील लेखांची संख्या २०२५ मध्ये सत्तर लाखांच्या पुढे गेली. हे लेख लिहिणारी माणसे वेतन घेत नाहीत, पुष्कळदा टोपणनावाने वावरतात आणि त्यांतील बहुतेकांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते. ह्या कोशातील माहिती विश्वसनीय आहे काय, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. मला त्याच्या अगोदरचा प्रश्न अधिक कुतूहलाचा वाटतो. एकाच वाक्याविषयी दोन अनोळखी माणसांची मते भिन्न असली आणि दोघांनाही ते वाक्य बदलण्याचा सारखाच अधिकार असला, तर पानावर शेवटी कोणाचे वाक्य राहते, आणि का?

आरंभी असा कोश कोणालाच अभिप्रेत नव्हता. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी २००० साली नुपीडिया नावाचा कोश हाती घेतला होता. त्यात लेखाला सात पायऱ्यांच्या परीक्षणातून जावे लागे आणि परीक्षक शक्यतो त्या त्या विषयातील तज्ज्ञ असत. परिणाम असा झाला, की पहिल्या वर्षात जेमतेम वीसएक लेख पार पडले. तेव्हा कच्चा मजकूर जमविण्यासाठी म्हणून शेजारी एक मोकळे अंगण उघडण्यात आले. त्याकरिता वापरलेली पद्धत वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये निर्माण केली होती; वाचकाने वाचता वाचताच पान दुरुस्त करावे, अशी तिची रचना होती. ‘विकी’ ह्या हवाईयन शब्दाचा अर्थ ‘लवकर’. त्या अंगणात वर्षअखेर सुमारे वीस हजार लेख झाले आणि मूळ वाडा ओस पडला.

ह्या अंगणाची रचना थोडी समजून घेतली पाहिजे, कारण भांडणाचे स्वरूप तिच्यावरच अवलंबून आहे. प्रत्येक लेखाच्या पाठीमागे आणखी दोन पाने असतात. एक इतिहासाचे: लेखाचे पहिल्या दिवसापासूनचे प्रत्येक रूप, ते कोणी व केव्हा बदलले याच्या नोंदीसह, तेथे जतन केलेले असते. दुसरे चर्चेचे: तेथे बदलाची कारणे मांडावयाची आणि हरकती घ्यावयाच्या. याखेरीज सर्वांनी एकत्र येण्याची जागा असते. मराठी आवृत्ती मे २००३ मध्ये सुरू झाली. तिच्यात ह्या जागेचे नाव ‘चावडी’ असे आहे, नवशिक्याने हात बसविण्याच्या जागेला ‘धूळपाटी’ म्हणतात आणि विशेषाधिकार असलेल्या सदस्याला ‘प्रचालक’. चावडी हा शब्द ज्याने सुचविला, त्याला ह्या संस्थेचे मर्म कळले असावे. चावडीवर साराही भरला जाई आणि तंटेही येत. दोन्ही कामे एकाच पारावर, सर्वांदेखत.

छापील कोशात एकदा छापलेली चूक पुढच्या आवृत्तीपर्यंत तशीच राहते. येथे चूक करणे सोपे आहे, पण ती पुसणे त्याहूनही सोपे आहे. जुने रूप परत आणावयास एक कळ पुरते. एखाद्याने पानभर शिव्या लिहिल्या, तर त्याला लागलेल्या वेळाच्या दशांश वेळात त्या नाहीशा होतात. ह्या साध्या व्यवस्थेवर कोशाचे निम्मे आरोग्य अवलंबून आहे. मात्र हीच कळ प्रामाणिक मतभेद असलेल्या दोघांच्या हाती आली, म्हणजे निराळाच प्रकार सुरू होतो. एकाने लिहावे, दुसऱ्याने उलटवावे, पहिल्याने पुन्हा लिहावे. फर्नांडा व्हिएगास आणि मार्टिन वॉटनबर्ग यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लेखांचे इतिहास रंगीत पट्ट्यांनी चितारले होते. ‘चॉकलेट’ ह्या निरुपद्रवी विषयावरील लेखाच्या चित्रात त्यांना करवतीच्या दात्यांसारखी एक नागमोडी रेघ आढळली. अतिवास्तववादी कलेत चॉकलेट ओतून शिल्पे करण्याचा एक प्रकार खरोखरच आहे किंवा नाही, यावरून दोघे जण एकच परिच्छेद आलटून पालटून घालीत आणि काढीत होते. अशा प्रकाराला त्या जगात ‘संपादनयुद्ध’ म्हणतात.

युद्धाला पायबंद घालण्यासाठी इंग्रजी आवृत्तीत २००४ मध्ये एक नियम आला: एका सदस्याने एकाच पानावरील दुसऱ्याचे काम चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा उलटवू नये, उलटविल्यास काही काळ लेखनबंदी. ह्या नियमाला बरोबर कोण आणि चूक कोण, याच्याशी कर्तव्य नाही. ज्याची बाजू खरी आहे, त्यालाही चौथ्या वेळी शिक्षा होते. न्यायाच्या आपल्या सर्वसाधारण कल्पनेला हे खटकते. परंतु नियमाचा हेतू निवाडा करणे हा नव्हेच. दोघांना लेखाच्या पानावरून उठवून चर्चेच्या पानावर बसविणे, एवढाच तो आहे.

आणि तेथे बसल्यावर ते कशावरून भांडतात? बाहेरच्या माणसाला वाटते, की भांडण तथ्यांचे असेल. माझ्या पाहण्यात तथ्यांची भांडणे लवकर मिटतात. ग्रंथ दाखविला की बहुधा काम होते. चिवट भांडणे नावांची असतात. दह्यावरील इंग्रजी लेखाचे शीर्षक ‘योगर्ट’ असे लिहिताना मधे एक अधिक अक्षर घालावे की नाही, हा वाद वर्षानुवर्षे चालून २०११ मध्ये संपला. त्याला हसणे सोपे आहे. पण बाल्टिक समुद्रावरील एका बंदराच्या नावाचा वाद हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

हे शहर पोलिश लोकांचे ग्दान्स्क आणि जर्मनांचे डान्त्सिग. १३०८ मध्ये ट्यूटॉनिक सरदारसंघाने ते घेतले, १४५४ मध्ये शहराने त्यांच्याविरुद्ध उठाव केला, १४६६ च्या तहापासून ते पोलंडच्या राजछत्राखाली राहिले, १७९३ मध्ये प्रशियाने ते गिळंकृत केले, दोन महायुद्धांच्या दरम्यान ते स्वतंत्र नगर होते आणि १९४५ पासून ते पोलंडमध्ये आहे. १९३९ च्या सप्टेंबरात युद्धाचा पहिला भडका उडाला तो ह्याच शहरात. तेव्हा शेकडो लेखांत ह्या शहराचा उल्लेख कोणत्या नावाने करावा, या प्रश्नाला केवळ शुद्धलेखनाचा प्रश्न कसा म्हणावे? एक जण नाव बदली, दुसरा पूर्ववत करी. एका लेखात थांबले तर दुसऱ्यात सुरू होई. अखेर २००५ मध्ये मतदान घेण्यात आले, आणि तेही काळाचे तुकडे पाडून. १३०८ पूर्वी ग्दान्स्क. १३०८ ते १९४५ डान्त्सिग. त्यानंतर पुन्हा ग्दान्स्क. चरित्रलेखांसाठी वेगळी तरतूद झाली. स्पष्टपणे जर्मन असलेल्या व्यक्तीच्या चरित्रात आधी डान्त्सिग व कंसात ग्दान्स्क, स्पष्टपणे पोलिश असलेल्या व्यक्तीच्या चरित्रात त्याउलट. तत्त्ववेत्ता शोपेनहौअर १७८८ मध्ये ह्या शहरात जन्मला. कालखंडाचा नियम लावला तरी तो डान्त्सिगचाच. चरित्राच्या नियमानेही तो डान्त्सिगचाच ठरला.

ह्या तोडग्याकडे पाहून इतिहासकार नाक मुरडतील. एका वर्षाच्या अलीकडे एक नाव आणि पलीकडे दुसरे, असे कोणत्याही नगरवासीयाने कधी अनुभवले नसेल. पण वाडीच्या बांधावरून दोन घरांत पिढीजात वैर असावे आणि पंचांनी येऊन खुंटा ठोकून द्यावा, त्यातला हा प्रकार आहे. खुंटा अचूक जागी आहे काय, हे पंचही सांगणार नाहीत. खुंटा आहे, म्हणून दोन्ही घरांची पेरणी होते.

वास्तविक मतदान ही ह्या कोशाची अधिकृत रीत नव्हे. तेथे सांगितले जाते, की निर्णय सहमतीने व्हावा आणि सहमती हातवर करून मोजली जात नाही. वादग्रस्त प्रश्नावर सर्वांची मते मागविली जातात. ठरावीक मुदत संपली, म्हणजे वादात भाग न घेतलेला एखादा अनुभवी सदस्य सगळी चर्चा वाचतो आणि युक्तिवादांचे बळाबळ पाहून निष्कर्ष लिहितो. दहा जणांनी ‘मला असेच वाटते’ म्हटले आणि तिघांनी कोशाच्या नियमांचा व ग्रंथांचा आधार दिला, तर तिघांच्या बाजूने निष्कर्ष निघू शकतो. निघतोच असे मात्र नाही. संख्येचा दाब पडतो, हे कोणीही जुना सदस्य खाजगीत मान्य करील.

युक्तिवादाचे बळ कशाने ठरते? दोन तत्त्वे येथे कळीची आहेत. पहिले तटस्थतेचे. कोशाने स्वतःचे मत द्यावयाचे नाही. ज्यांचे मत आहे त्यांच्या नावाने ते नोंदवावयाचे आणि विश्वसनीय ग्रंथांत त्या मताला जेवढी जागा आहे, तेवढीच द्यावयाची. म्हणून पृथ्वी सपाट मानणाऱ्यांना पृथ्वीवरील लेखात निम्मे पान मिळत नाही. दुसरे तत्त्व पडताळ्याचे: लिहिलेली गोष्ट प्रसिद्ध झालेल्या साधनावरून कोणालाही तपासता आली पाहिजे. हे दुसरे तत्त्व वाटते त्यापेक्षा कठोर आहे. अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ यांना २०१२ मध्ये त्याचा अनुभव आला. ‘द ह्यूमन स्टेन’ ह्या त्यांच्या कादंबरीचा नायक समीक्षक अनातोल ब्रोयार्ड यांच्यावरून सुचला असावा, असा उल्लेख कोशातील लेखात होता. रॉथ यांचे म्हणणे, की कथेचे बीज आपले मित्र, प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ मेल्विन ट्यूमिन यांच्या एका अनुभवात आहे. त्यांच्या वतीने दुरुस्ती सुचविण्यात आली, तेव्हा उत्तर मिळाले, की लेखकाचा शब्द मोलाचा खरा, पण दुय्यम साधन हवे. रॉथ यांनी ‘न्यू यॉर्कर’मध्ये दीर्घ अनावृत पत्र लिहिले, आणि ते छापले जाताच ते पत्रच साधन झाले!

लोकांनी ह्या प्रकाराची थट्टा केली, आणि थट्टा करण्यासारखे त्यात आहेही. मला मात्र ती अडवणूक सर्वस्वी मूर्खपणाची वाटत नाही. टोपणनावाच्या जगात ‘मी स्वतः लेखक आहे’ असे कोणीही म्हणू शकतो. २००७ मध्ये असे उघडकीस आले, की इंग्रजी आवृत्तीतील एक मान्यवर सदस्य, जो स्वतःला धर्मशास्त्राचा प्राध्यापक म्हणवीत असे आणि वादात त्या अधिकाराचा आधार घेत असे, तो चोवीस वर्षांचा तरुण होता आणि त्याच्यापाशी तशी कोणतीही पदवी नव्हती. त्याला पायउतार व्हावे लागले. माणसाची ओळख तपासता येत नाही, ग्रंथ तपासता येतो. म्हणून माणसाला मागे सारून ग्रंथ पुढे आणावयाचा. त्याची किंमत अशी, की ज्या समाजांविषयी फारसे छापलेच गेलेले नाही, ज्यांची विद्या मुखोद्गत आहे, त्यांची बाजू ह्या चावडीवर मांडणे अवघड जाते. आपल्या देशात असे समाज थोडे नाहीत.

काही वाद सहमतीच्या ह्या रीतीनेही सुटत नाहीत. तेव्हा लवाद समितीकडे जाता येते. इंग्रजी आवृत्तीत ती २००३ व २००४ च्या संधिकालात स्थापन झाली आणि तिचे सदस्य समुदायाच्या मतदानाने निवडले जातात. ही समिती वर्तनाचा निवाडा करते, मजकुराचा नव्हे. अमुक सदस्याने अमुक विषयावर लिहू नये, असे ती सांगेल. अमुक वाक्य खरे आहे, असे सांगणार नाही. जेरुसलेमवरील लेखात ही मर्यादा कसोटीला लागली. ते नगर इस्राएलची राजधानी आहे, असे पहिल्या वाक्यात म्हणावे काय, यावर वर्षे लोटली होती. समितीने वाक्य ठरविले नाही; खुली चर्चा घ्यावी, तीन जाणत्या सदस्यांनी तिचा निष्कर्ष लिहावा आणि तो तीन वर्षे बंधनकारक राहावा, असे ठरविले. २०१३ मध्ये चर्चा झाली. निघालेल्या मजकुराचा आशय असा होता, की इस्राएल व पॅलेस्टाईन दोघेही त्या नगराला राजधानी मानतात, आणि दोघांच्याही दाव्याला आंतरराष्ट्रीय पातळीवर व्यापक मान्यता नाही. त्याने कोणत्याच पक्षाचे समाधान झाले नसेल. तथापि दोन्ही पक्षांच्या वाचकाला तो खोटा म्हणता येणार नाही.

भारतासंबंधीच्या इंग्रजी लेखांत असाच एक प्रश्न लिपीचा निघाला. लेखाच्या आरंभी विषयाचे नाव मूळ लिपीत देण्याची प्रथा आहे. पण मूळ लिपी कोणती? एखाद्या नटीचे नाव देवनागरीत द्यावे, तिच्या मातृभाषेच्या लिपीत की ज्या भाषेत तिचे चित्रपट गाजले त्या भाषेच्या? एखाद्या शहराचे नाव उर्दूत असावे काय, आणि असल्यास कन्नडच्या आधी की नंतर? रोज कोणी एक लिपी वाढवी, दुसरा काढी, तिसरा क्रम बदली. २०१२ च्या चर्चेत निर्णय झाला, की भारताशी मुख्यत्वे निगडित लेखांच्या प्रास्ताविकात भारतीय लिप्याच देऊ नयेत. उच्चार हवा तर ध्वनिचिन्हांनी द्यावा. मला हा निर्णय बोचतो. शेजारच्या देशांच्या लेखांत त्यांची लिपी दिमाखाने मिरवते आणि आपल्या लेखांत तिला दाराबाहेर उभे राहावे लागते, ते परकीयांनी हाकलल्यामुळे नव्हे, तर आपल्या आपसातील वादामुळे. पण ते वाद ज्यांनी रोज निस्तरले, त्यांना दुसरा मार्ग दिसला नाही, हेही खरे. त्याच वर्षी जातिविषयक लेखांवर विशेष निर्बंध आले, कारण आपल्या जातीला राजवंशाशी जोडणारे आणि दुसऱ्याच्या जातीला खाली ढकलणारे बदल थांबेनात.

आतापर्यंत मी यंत्रणेविषयी बोललो. आता तिच्या दुखण्याविषयी. पहिले दुखणे थकव्याचे. ज्याला नोकरी, मुलेबाळे, घरकाम आहे, तो तीन दिवसांनी चर्चेतून उठतो; ज्याला दुसरा उद्योग नाही तो बसून राहतो. पुष्कळशा सहमतीचा अर्थ एवढाच असतो, की दुसऱ्या बाजूने नाद सोडला. स्त्रियांची संख्या ह्या समुदायात आरंभापासून फार थोडी आहे, त्याचे एक कारण येथे असावे. दुसरे दुखणे नवागताचे. ॲरन हाफेकर आणि त्यांचे सहकारी यांनी २०१३ मध्ये दाखविले, की २००७ नंतर सक्रिय संपादकांची संख्या घटत गेली, आणि सद्धेतूने आलेल्या नव्या सदस्याचे पहिलेच काम पुसले जाणे, हे त्याचे एक मोठे कारण होते. उपद्रवी लोकांसाठी उभारलेल्या कुंपणाला पाहुणेही अडखळू लागले.

उलट बाजूला २०१९ मधील एक निष्कर्ष ठेवतो. जेम्स इव्हान्स आणि सहकारी यांच्या अभ्यासात असे आढळले, की ज्या लेखांवर भिन्न राजकीय कलांच्या संपादकांनी मिळून काम केले होते, ते एकाच कलाच्या किंवा मध्यममार्गी संपादकांच्या लेखांपेक्षा गुणाने सरस होते. त्यांची चर्चापाने लांबलचक होती. याचा अर्थ भांडण चांगले, असा नव्हे. विरोधक समोर बसला आहे, हे ठाऊक असले, म्हणजे माणूस ग्रंथ उघडून पाहतो, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो.

आणि विरोधकच उरला नाही तर काय होते, ते क्रोएशियन आवृत्तीत दिसले. तेथे प्रचालकांच्या एका लहान, एकविचारी गटाने सूत्रे हाती घेतली. वेगळे मत मांडणाऱ्यांवर लेखनबंदी घातली जाई. दुसऱ्या महायुद्धातील उस्ताशा राजवटीचे अत्याचार सौम्य करून सांगितले जात. २०१३ मध्ये तेथील शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना ही आवृत्ती वापरू नका, असे जाहीरपणे सांगितले. तरी ती परिस्थिती आणखी कित्येक वर्षे चालली. मूळ संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात ह्या प्रकाराची तपशीलवार चिकित्सा आहे. नियम तेथेही तेच होते: तीच चर्चापाने, तोच इतिहास, तीच सहमती. फक्त हरकत घेणारा टिकत नव्हता. भारतीय भाषांच्या बहुतेक आवृत्त्या मूठभर सदस्यांवर चालतात, हे येथे ध्यानात घ्यावे.

आता अगदी अलीकडची गोष्ट. जुलै २०२४ मध्ये एएनआय ह्या वृत्तसंस्थेने, आपल्यावरील लेखात बदनामीकारक मजकूर आहे, म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात दोन कोटी रुपयांचा दावा दाखल केला. मजकूर घालणाऱ्या सदस्यांची ओळख उघड करावी, असा आदेश झाला. पुढे त्यांच्यापर्यंत समन्स मोहोरबंद रीतीने पोहोचविण्यावर तडजोड झाली. दरम्यान त्या खटल्याविषयीच कोशात एक लेख लिहिला गेला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयाने तो काढून टाकण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२५ रोजी हा आदेश रद्द केला. खुल्या चर्चेला, न्यायालयांविषयीच्या चर्चेलाही, लोकशाहीत जागा असली पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. ज्याची बदनामी झाली असे वाटते, त्याला न्यायालयाचे दार मोकळे असलेच पाहिजे. त्याविषयी माझा वाद नाही. परंतु टोपणनावामागच्या माणसाला आपले नाव बाहेर येईल, ही धास्ती बसली, म्हणजे चर्चेच्या पानावर कोण येईनासा होतो, हे आपण पाहिले पाहिजे. ज्याच्यापाशी पैसा, वकील आणि वेळ आहे, तो येतच राहतो. तालुक्याच्या गावातील जी शिक्षिका रात्री मुले निजल्यावर एका परिच्छेदाखाली दोन ग्रंथांचे आधार देऊन जाते, ती पुढल्या रात्री येत नाही. आणि ती का आली नाही, याची नोंद इतिहासाच्या पानावर होत नाही.